टोपली रिकामी निघाली तर?

फ्रीलान्सरला वीकेण्ड नसतो, असं मी मित्रमैत्रिणींना नेहमी ऐकवते. तरीही फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पहाटे आम्ही चौघं एका छोट्या गाडीत कोंबून बसलो आणि वेळासला निघालो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव. शाळेत नाना फडणवीसांचं गाव म्हणून ऐकलेलं, आता कासवांचं गाव म्हणून फेमस! हरिहरेश्वरजवळ बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो आणि मोबाइलची रेंज गेली. (पहिल्या दहा मिनिटांत चौघांनीही चार-चारदा फोन तपासला, हे कबूल करते.)

राहायचं गावातल्याच एका घरी. काकूंनी कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी अशी काही वाढली की संध्याकाळी किनाऱ्यापर्यंत चालणं हेच ट्रेकिंग झालं.

किनाऱ्यावर जाळीचं कुंपण, आत वाळूत घरटी आणि त्यांवर उपड्या टोपल्या. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री येते, दीडेक फूट खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परत. मागे वळून बघणं नाही! पहाटे कासवमित्र तिच्या माग काढत फिरतात आणि अंडी कुंपणात तशाच खड्ड्यात हलवतात, कारण बाहेर कुत्री टपलेली. पुढचे साधारण ४५ ते ५५ दिवस सगळं काम वाळूच्या उबेचं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, कमी तापली तर नर!

सहा वाजता टोपली उचलली. रिकामी. गर्दीतून ‘अरेरे’ उमटलं. ‘एवढ्या लांब येऊन...’ मागून कुणीतरी म्हणालं. मीही तेच म्हणत होते. संपादकांना फोटो कबूल केला होता ना!

रात्री पडवीत आजोबा सुपारी कातरत बसले होते. “आमच्या लहानपणी अंडी काढून आणायचो आम्ही,” ते सहज म्हणाले. “खायचो, विकायचो. मीसुद्धा.” २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं इथे संवर्धनाचं काम सुरू केलं, पुढे २००६ पासून कासव महोत्सव. आता आजोबांच्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांच्या. मी रिकाम्या टोपलीचं रडगाणं लावलं, तर म्हणाले, “ताई, नाटकाचा प्रयोग आहे का तो, साडेसहाला पडदा वर जायला?”

रविवारी सकाळी समुद्रगरुड दिसला, पाण्याच्या कडेला कुरवांचा थवा दिसला. टोपली पुन्हा रिकामी. दुपारी निघायचं ठरलं होतं. एकाचं सोमवारी नऊला प्रेझेंटेशन. गाडीत बॅगा भरल्या, आणि त्यानंच बॅगा परत उतरवल्या. “रात्रभर चालवू यार!”

संध्याकाळी टोपलीखाली वाळू हलत होती. अकरा पिल्लं! तळहातात मावतील एवढी, ओल्या वाळूचा रंग. पाण्यापासून थोडं अलीकडे सोडली; समुद्रापर्यंत त्यांनीच चालायचं असतं. सूर्य टेकला होता, अंधारून येत होतं. मी कॅमेरा उचलला आणि फ्लॅश बंद करायचा विसरले.

लख्ख उजेड पडला. सगळ्यात मागचं पिल्लू थबकलं आणि चक्क माझ्याकडे वळलं. त्यांना उजेडाच्या दिशेनं जायचं कळतं, आणि एरवी तो उजेड समुद्राकडे असतो. “ताई, लाइट!” कासवमित्र ओरडला. मी कॅमेरा बॅगेत कोंबला. पिल्लू काही क्षण तसंच उभं. मग लाटेचं पाणी पुढे आलं, त्याला उलटंपालटं केलं आणि आत घेऊन गेलं.

२०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली होती. म्हणजे भारताच्या एका किनाऱ्यावरून पार दुसऱ्या! आमचं पिल्लू कुठवर जाईल, यावर गाडीत पनवेलपर्यंत वाद चालला.

प्रेझेंटेशन नऊला झालं म्हणे, डोळे तारवटलेले. संपादकांना मी रिकाम्या टोपलीचा फोटो पाठवला.