मास्तरांचा रामपुरी

आमच्या मिरजेच्या घरात लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक घडीचा चाकू आहे. मरहूम अब्बांचा. अब्बा उर्दू शाळेत मास्तर होते. १९६८ साली मुरादाबादला एका नातलगाच्या निकाहला गेले, तिथून रामपूरला जाऊन त्यांनी तो आणला, असे अम्मी सांगतात. पाते चार इंचांचे, मूठ पितळेची, माशाच्या आकाराची, दोन्ही बाजूंना म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या. या चाकूने अब्बांनी जन्मभर प्रामुख्याने एकच काम केले. मुलांचे बोरू तासले. त्याच चाकूने कधी आंबा कापला, कधी उसाचे कांडे सोलले, एवढेच.

गेल्या वर्षी सुट्टीत आमच्या मुलाने तो बाहेर काढला. कमान सैल पडली होती, पाते उघडले तरी ठरत नव्हते. "हा रामपुरी आहे? मग आजोबा काय गुंड होते?" त्याने हसतच विचारले, पण अम्मी तसबीह खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी त्या नीट जेवल्या नाहीत.

मुलाचा तरी काय दोष? मराठीत 'रामपुरी' म्हटले की शहर डोळ्यांपुढे येतच नाही, कुणाच्या तरी पोटाला लावलेले पाते येते. १९६५ च्या 'वक्त'मधल्या राजकुमारपासून पुढे कितीतरी सिनेमांनी खटक्याच्या चाकूला गुंडाच्या हातात दिले. त्यामुळे दिवाळीनंतर मेहुण्याच्या मुलीसाठी मुरादाबादला जायचे ठरले तेव्हा आम्ही म्हटले, एक दिवस रामपूर करू, मुलाला दाखवू आणि चाकूही दुरुस्त करून आणू.

दुसऱ्या गोष्टीला अम्मींनीच नाही म्हटले. "गाडीत पोलिसाने पिशवी उघडली तर काय सांगाल? मास्तरांच्या बोरूचा चाकू आहे म्हणाल?" आम्ही गप्प बसलो. आपल्याकडेही सणासुदीला कलम ३७ चा मनाईहुकूम निघतो, त्यात चाकू-सुऱ्यांचा उल्लेख असतोच. चार इंचांचे पाते म्हणजे काही तलवार नव्हे, हे खरे. पण नाव आपले, दाढी आपली आणि पिशवीत रामपुरी, या तिन्ही गोष्टी एका जागी आल्यावर समजावून सांगायला वेळ मिळेलच असे नाही. शेवटी चाकू घरीच राहिला. मुलाने वहीच्या कागदावर तो ठेवून पेन्सिलीने आकार काढला, एकदा उघडा, एकदा मिटलेला. तो कागद घेऊन आम्ही गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलो.

मुरादाबादहून रामपूर बसने तासाभराचा रस्ता. रोहिल्या पठाणांचे हे शहर. नवाब फैजुल्ला खान यांनी १७७४ मध्ये इथे गादी स्थापली आणि १९४९ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत ती चालली. मौलाना मोहम्मद अली जौहर इथलेच आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभेत मौलाना आझाद इथूनच निवडून गेले. आमच्यासारख्या मिरजकरांना आणखी एक ओळख आहे, ती गाण्याची. अब्दुल करीम खाँसाहेबांचे किराणा घराणे आम्ही आपले मानतो, तसे रामपूर-सहसवान घराणे त्यांचे.

नैनितालच्या रस्त्यावरच्या चौकात पहिला चाकू दिसतो. वीस फुटांचा, उघडलेला, आकाशाकडे टोक केलेला. २०२३ मध्ये प्रशासनाने तो उभारला. लोक खाली उभे राहून फोटो काढतात, आम्हीही काढले. खरे सांगायचे तर आम्हाला तो फारसा आवडला नाही. बोरू तासता येत नाही, आंबा कापता येत नाही, मिटताही येत नाही. पण ज्या नावाची इतकी वर्षे लाज वाटली, ते शहराने चौकात उभे केले, हेही काही थोडे नव्हे.

तिथून आधी गेलो रझा लायब्ररीत. किल्ल्याच्या आवारातली हामिद मंझिलची इमारत बाहेरूनच पाऊल थांबवते. आत सुमारे सतरा हजार हस्तलिखिते आहेत. त्यांत हजरत अली यांच्या हातचे मानले जाणारे, चामड्यावर कूफी लिपीत लिहिलेले कुरआन आहे आणि वाल्मीकी रामायणाचा फारसी तर्जुमाही आहे. आमचा मुलगा अशा ठिकाणी लगेच कंटाळतो. पण खुशखत पाहताना आम्ही त्याला सांगितले की हे सगळे ज्या कलमांनी लिहिले, त्या कलमा चाकूनेच घडत. त्या चाकूला 'कलमतराश' म्हणत. बोरू तिरका तासायचा, मध्ये चीर द्यायची, मग हाडाच्या नाहीतर हस्तिदंताच्या पट्टीवर ठेवून टोकाला एका झटक्यात कात द्यायची. ती कात जरा चुकली की अक्षराची जाडी बदलते. कातिबाच्या घरात चांगला चाकू नसेल तर चांगले अक्षर कुठून येणार? मुलगा काही बोलला नाही. खिशातला कागद तेवढा त्याने काढून पाहिला.

दुपारी जुन्या शहरातल्या चाकूच्या बाजारात गेलो. बाजार म्हणावा इतके काही उरलेले नाही. मोजकीच दुकाने, त्यांतही निम्म्यांत पुढे कात्र्या आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या. नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेशात साडेचार इंचांहून लांब पात्याच्या रामपुरीवर बंदी आली, तेव्हापासून नऊ-दहा इंचांची पाती बनवणारे कारागीर पांगत गेले. मागून स्वस्त चिनी चाकू आले. ज्या एका दुकानात आम्ही बसलो तिथले कारागीर सत्तरीचे असावेत. हातांच्या बोटांवर काळे तेल मुरलेले. त्यांची मुले दुसऱ्या धंद्यात आहेत, एवढे त्यांनी स्वतःहूनच सांगितले.

मुलाने कागद पुढे केला. त्यांनी चष्मा चढवून तो बराच वेळ पाहिला, मग बोटाने पात्याच्या बुडाशी खूण केली. "बेटे, इथे दाते किती आहेत?" मुलाने मोजलेच नव्हते. तेव्हा त्यांनी गल्ल्याखालून स्वतःचा एक जुना चाकू काढला आणि सावकाश उघडला. कट्, कट्, कट्. पात्याच्या बुडाला करवतीसारखे दाते असतात आणि मुठीच्या पाठीवरच्या पोलादी कमानीला एक खाच. पाते उघडत गेले की खाच एकेका दात्यावर बसते, तोच तो सिनेमातला आवाज. "लोकांना वाटते आवाज भीती घालायला आहे," ते म्हणाले. "आवाज यासाठी की पाते मध्येच मिटून तुमची बोटे जाऊ नयेत."

मग त्यांनी जे सांगितले ते आम्ही तिथेच लिहून घेतले, कारण घरोघरी घडीचा चाकू असतो आणि निगा कुणी राखत नाही. सांध्यात गोडेतेल घालू नये, ते चिकट होऊन धूळ धरते. शिलाई यंत्राचे तेल एक थेंब पुरे. साधे पोलाद असेल तर लिंबू-आंबा कापल्यावर लगेच पुसावे, नाहीतर डाग पडतो आणि डागाखाली गंज धरतो. चामड्याच्या पाकिटात वर्षानुवर्षे ठेवू नये. धार दगडावर लावावी, दोन्ही बाजूंनी पाते एकाच कलाने धरून. फिरत्या चाकावर पाते तापले की पोलादाचे पाणी उतरते, मग धार टिकत नाही. आणि मिटताना पाते तळहाताने पाठीकडून ढकलावे, बोटे खाचेच्या वाटेत कधी येऊ देऊ नयेत.

तेवढ्यात दिल्लीहून आलेले एक गृहस्थ जुने चाकू विचारायला आले. छंद म्हणून जमवतात. त्यांच्याबरोबर कारागिरांचा सूर वेगळाच होता. पाते मूळचेच आहे की घासून घासून बारीक झाले आहे, उघडल्यावर डावी-उजवीकडे हलते का, पितळेची झीज हाताने झालेली आहे की कानशीने केलेली, असे दोघे बराच वेळ बोलत राहिले. गृहस्थांनी एक चाकू घेतला आणि जपून रुमालात गुंडाळला. तो काचेच्या कपाटात जाणार होता. आम्हाला त्याचे थोडे वाईटच वाटले, पण दुकान चालते ते अशाच गिऱ्हाइकांवर.

"कागदावरून कमान होत नाही," शेवटी कारागीर आम्हाला म्हणाले. "ती त्या चाकूच्या दात्यांवर बसवत बसवत घासावी लागते. तुमच्याकडे कुणी नाही का?" आम्ही म्हटले, मिरजेत शिकलगार आहेत. त्यांचा चेहरा उजळला. शिकलगार म्हणजे सैकल करणारा, हत्याराला झिलई देणारा. हा शब्द त्यांच्याकडेही चालतो. मिरजेच्या शिकलगारांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हत्यारे सोडून तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "हत्यारवाल्यांनी सतार?" मग कमानीच्या पोलादाची एक पट्टी कापून कागदात बांधून दिली. थोडी जास्तच ठेवली आहे, म्हणाले, घासायला. पैसे घेतले फक्त पट्टीचे.

मुलाला तीन इंचांचा एक चाकू हवा होता. आम्ही नाही म्हटले. का, ते त्याला तिथे सांगता आले नाही. तो फुगून बसला, आणि अद्रकचा हलवासुद्धा त्याने खाल्ला नाही. तो आम्ही दोघांनीच संपवला, आणि फार चांगला होता, हे कबूल करतो.

कारण त्याला दिल्लीत कळले. स्टेशनवर पिशव्या यंत्रातून गेल्या, पट्टी पडद्यावर दिसली. जवानाने बाजूला घेतले. कुठून आलात? रामपूर. काय आणले? पिशवी पूर्ण उपसली गेली, नातलगांनी दिलेली पितळेची भांडीसुद्धा. पट्टी हातात घेऊन त्याने वाकवून पाहिली आणि आमच्याकडे पाहिले. तेव्हा मुलाने खिशातला तो कागद पुढे केला आणि हिंदीतून सांगू लागला, माझे आजोबा मास्तर होते, मुलांची कलमे तासायचे. जवानाने कागद पाहिला, परत दिला. "ठीक आहे, जा." तीनच शब्द. फलाटावर पोहोचेपर्यंत आम्ही तिघेही एकमेकांशी बोललो नाही.

मिरजेत आमच्या ओळखीच्या एका वयस्क शिकलगारांनी पितळेचे रिव्हेट घासून मूठ उघडली. ते तंबोऱ्याचे काम करतात, कानशी त्यांच्याकडे सगळ्या आकाराच्या. दोन संध्याकाळी लागल्या. दात्यांपैकी दोन झिजून गेले होते, तेव्हा आता आवाज पाचच येतात. पूर्वी किती येत होते, असे मुलाने अम्मींना विचारले. "सात," त्या लगेच म्हणाल्या. "पहाटे बोरू तासायला बसायचे ना, मला स्वयंपाकघरात ऐकू यायचे."

कृष्णाकाठावरून मुलाने बोरू आणले आहेत. अम्मी समोर बसतात. पहिला बोरू चिरला, दुसऱ्याची कात वाकडी गेली. अम्मींनी टोक बोटाने चाचपून पाहिले आणि म्हणाल्या, "अजून तिरका धर." त्याने तिसरा घेतला.