खाज मोत्याची, जागरण आमचे

रक्तदाब, गुडघे आणि स्मरणशक्ती यांविषयी लिहिल्या जाणाऱ्या या पानांत कुत्र्याच्या कातडीसाठी जागा मागणे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु ज्या घरात दोन वृद्ध माणसे आणि एक वृद्ध कुत्रा एकत्र राहतात, तेथे आजार आपापल्या खोलीत थांबत नाहीत. कुत्रा रात्रभर खाजवतो, त्याने माणसाची झोप मोडते, झोप मोडली की सकाळची गोळी चुकते आणि दुपारी तोल जातो. आपल्या घरात असा एखादा मुका सोबती असेल, तर पुढचा मजकूर आपल्यासाठी आहे.

आम्ही रत्नागिरीत राहतो. माझे वय ७२. पत्नीला तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू दुर्बल झाली, वाणी अडखळते. मोत्या हा आमचा नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर. तिसऱ्या वर्षापासून दर पावसाळ्यात त्याला थोडी खाज सुटत असे व दिवाळीच्या सुमारास ती ओसरत असे. मागच्या वर्षी मात्र ती ओसरली नाही, आणि यंदाच्या जून महिन्यात तिने घर व्यापले. पाय आपटण्याचा आवाज, गळपट्ट्याची किणकिण, पंजा चाटण्याचा तो ओला, एकसुरी चपचपाट. पत्नीच्या पलंगाखालीच त्याची जागा असल्याने प्रत्येक आवाजाला ती जागी होई, आणि ती जागी झाली की मी.

पुण्याहून मुलाने फोनवर सरळ सांगितले, "बाबा, आईचे करता करता तुम्ही थकलाय. मोत्याला माझ्या मित्राच्या शेतावर ठेवू या. दिवाळीला आलो की घेऊन जातो." त्यात निष्ठुरपणा नव्हता, काळजीच होती. पण त्याला एक गोष्ट दिसत नव्हती. फिजिओथेरपीला येणाऱ्या बाईंनी पत्नीच्या उजव्या हाताला जो व्यायाम नेमून दिला होता, तो म्हणजे मोत्याच्या पाठीवरून ब्रश फिरवणे. रबरी चेंडू दाबायला ती कंटाळा करी. ब्रश मात्र मागून घेई. कुत्रा गेला असता तर तो हात पुन्हा मांडीवर निपचित पडून राहिला असता. म्हणून मी मुलाला म्हणालो, दिवाळीपर्यंत मला वेळ दे.

पशुवैद्यांनी पहिल्या भेटीत औषध लिहिण्याआधी अर्धा तास प्रश्नच विचारले. "काका, नेमके कुठे खाजवतो? चाटतो की चावतो? बारा महिने की ठरावीक ऋतूत? घरात आणखी कोणाला खाज आहे?" खाज हा रोग नव्हे, ते लक्षण आहे, आणि शरीरावरील तिची जागा पुष्कळ काही सांगते, हे मला तेव्हा उमगले. आपणही पाहून ठेवावे. कमरेच्या मागे, शेपटीच्या मुळाशी चावत असेल तर पहिला संशय पिसवांचा. कानांच्या कडा आणि कोपरे खडबडीत होऊन केस गेले असतील तर खरजेचे किडे, ज्यातून होणाऱ्या रोगाला आपण लूत म्हणतो. पंजे, काखा, पोट आणि कान लाल होत असतील तर अॅलर्जी. आणि आंबूस वास, तेलकट केस, काळवंडून हत्तीच्या कातडीसारखी जाड झालेली त्वचा असेल, तर यीस्ट नावाच्या बुरशीने तेथे बस्तान मांडले आहे. मोत्याचे पंजे तांबूस झाले होते, कान आतून तापलेले आणि काखेत तो वास. वैद्यांनी चिकटपट्टी काखेवर दाबून काढली, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. यीस्ट भरपूर. तपासणी एवढीच, सुई नाही की रक्त नाही. कातडी अशी तपासल्यावाचून गोळ्या सुरू होत असतील, तर आपण अवश्य नम्रपणे विचारावे.

त्यांनी वयही लक्षात घेतले. अॅलर्जीची खाज बहुधा तरुणपणी, सहा महिने ते तीन वर्षे या काळात डोके वर काढते. आयुष्यभर निरोगी असलेला कुत्रा आठव्या-नवव्या वर्षी एकाएकी खाजवू लागला, तर परजीवी, जंतुसंसर्ग, थायरॉइडची मंदता किंवा कुशिंगचा आजार यांचा आधी विचार करावा लागतो. मोत्याचा इतिहास जुना होता, म्हणून वाट अॅलर्जीकडे वळली. पण त्या वाटेवर आधी दोन धोंडे दूर करायचे होते, परजीवी आणि संसर्ग.

पिसू कुत्र्यावर जितक्या दिसतात, त्याहून कितीतरी अधिक घरात असतात: अंडी, अळ्या आणि कोश या रूपांत, सतरंजीत, फटींत, पलंगाखाली. कोशातील पिसू महिनोन् महिने वाट पाहू शकते. म्हणून एकदाच औषध घालून भागत नाही. किमान तीन महिने सलग उपचार, अंथरूण गरम पाण्यात धुणे आणि फटी झाडणे हे सर्व एकत्र करावे लागते. आम्हाला पिसवा व गोचिडांवर बारा आठवडे चालणारी गोळी दिली गेली. कुत्र्याला पूर्वी फेपरे आले असेल, तर अशी गोळी देण्याआधी ते जरूर सांगावे.

या काळात शेजारपाजारच्या सल्ल्यांना पूर येतो. जळके ऑइल चोपडा, रॉकेल लावा, करंजेल तेल, हळद. जळके ऑइल हा तर आपल्याकडील जुना, हट्टी उपाय आहे. कुत्रा अंग चाटतो, हे सांगणारे विसरतात. जे अंगावर तेच पोटात जाते. घरातील माणसांची मलमेही त्याच कारणाने दूर ठेवावीत. सोरायसिसवर वापरले जाणारे कॅल्सिपोट्रिऑलचे मलम कुत्र्याने चाटले, तर जीवावर बेतू शकते. आणखी एक सूचना खास आपल्या वयोगटासाठी. गोचिडांवर पाण्यात मिसळून लावायचे अमित्राझ नावाचे द्रावण मिळते. त्याने रक्तातील साखर वाढू शकते, म्हणून मधुमेही कुत्र्यावर ते वापरू नये आणि मधुमेही माणसाने ते हाताळूही नये. आपल्यापैकी किती घरांत मधुमेह नाही?

संसर्गासाठी क्लोरहेक्सिडिनचा औषधी शांपू आला. कुत्र्याच्या कातडीचा बाहेरचा थर जेमतेम ३ ते ५ पेशींचा असतो, माणसाचा १० ते १५. शिवाय तिची आम्लताही वेगळी. आपला साबण त्याला चालत नाही तो म्हणून. या शांपूचे मर्म त्याच्या फेसात नसून वेळेत आहे: तो अंगावर पूर्ण दहा मिनिटे राहिला पाहिजे. दहा मिनिटे ३० किलोंचा ओला लॅब्रॅडॉर धरून वाकून उभे राहणे ७२ व्या वर्षी कसे जमावे? मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसतो, खाली रबरी चटई असते, मोत्याला चढत्या उतारावर न उभा करता सपाट फरशीवर उभा करतो, आणि मोबाइलवर दहा मिनिटांचे भजन लावतो. भजन संपेपर्यंत पाणी नाही. ज्यांना हेही शक्य नाही, त्यांनी न धुता चोळायचा फेस किंवा औषधी पुसणी मागावी. फक्त काखा, पंजे आणि जांघा पुसल्या तरी बरेच साधते. रत्नागिरीच्या जुलैत खरी अडचण वाळवण्याची आहे. ओला राहिलेला कुत्रा म्हणजे यीस्टला दिलेले आमंत्रण.

चार आठवड्यांनी वास गेला, पण खाज निम्मीच हटली. त्यांनी मला एक वही घालून दिली होती. रोज रात्री खाजेला शून्य ते दहा यांमधील एक आकडा द्यायचा. जूनमध्ये आठ होता. आता पाच. यानंतर सुरू झाली ती आहाराची परीक्षा, आणि आमच्या घराची खरी कसोटी तीच ठरली.

अन्नाची अॅलर्जी रक्त तपासून विश्वासाने ओळखता येत नाही. आठ आठवडे एकच ठरावीक अन्न द्यायचे, दुसरा कणही नाही. मग जुने अन्न परत देऊन खाज परतते का ते पाहायचे. कुत्र्यांना बहुधा बाधणारी अन्ने म्हणजे गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू. आमचा मोत्या वर्षानुवर्षे कोंबडीचे कोरडे खाद्य, दूधपोळी आणि बिस्किटे यांवर वाढलेला. त्याला प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले विशेष खाद्य दिले गेले. ते महाग आहे, हे आधीच सांगून ठेवतो. जंताची मांसाच्या चवीची गोळीसुद्धा या काळात चालत नाही.

पण पत्नीचे काय? दुपारी चारला चहाबरोबर तिला दोन मारी बिस्किटे मिळतात. त्यातले दुसरे ती उजव्या हाताने, बोटे थरथरत, पलंगाच्या कडेशी नेते, आणि मोत्या ते हळूच घेतो. दिवसभरात तो हात आपणहून उचलला जाण्याचा हाच प्रसंग. तिला नाही म्हणायचे कसे? मी समजावले तर ती मान डोलावी, आणि मी स्वयंपाकघरात गेलो की बिस्किट अदृश्य होई. सांभाळायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काका, त्यांना रागवू नका, त्यांना देण्यातच बरं वाटतं."

तिसऱ्या आठवड्यात वहीतला आकडा पुन्हा सहा झाला, तेव्हा मी वैद्यांना सर्व प्रकार सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "देणे थांबवू नका, डबा बदला." मारीच्या डब्यात आम्ही मोत्याच्या विशेष खाद्याचेच दाणे भरले. पहिल्या दिवशी पत्नीने डब्यात डोकावून माझ्याकडे संशयाने पाहिले. मग एक दाणा चिमटीत धरण्याचा प्रयत्न केला. बिस्किटापेक्षा दाणा धरणे अवघड. तो तिच्या बोटांतून चारदा निसटला, पाचव्यांदा मोत्यापर्यंत पोहोचला. आठ आठवड्यांची मोजणी वैद्यांनी त्या दिवसापासून पुन्हा सुरू करवली. फिजिओथेरपीच्या बाईंना हे कळले तेव्हा त्यांनी बिस्किटांचा व्यायाम कायमचा रद्द करून दाण्यांचा लावला.

परीक्षेच्या शेवटी आकडा तीन होता. मग जुने कोंबडीचे खाद्य दिले; चौथ्या दिवशी कान लाल, आकडा सात. दूध व गहू एकेक करून नंतर परत दिले, त्यांनी काही बिघडले नाही. दिवाळी तोवर आठवड्यावर आली होती. कोंबडी घरातून गेली. उरलेली तीनची खाज हवेतील धूळ, परागकण, बुरशी यांची, जी आयुष्यभराची पाहुणी असते. आपली अपेक्षा शून्याची असेल तर निराशा पदरी येईल.

त्या उरलेल्या खाजेसाठी औषधे आहेत. प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड झपाट्याने गुण देते आणि स्वस्तही आहे. तीव्र प्रसंगी थोडे दिवस ते देण्यात गैर नाही. पण महिनोन् महिने चालू ठेवले तर तहान, भूक, लघवी वाढते, स्नायू झिजतात, कातडी पातळ होते. रात्री तीनदा कुत्र्याला बाहेर नेणे वृद्ध पालकाला झेपत नाही, हेही आपण वैद्यांना मोकळेपणाने सांगावे. औषधाची निवड त्याने बदलू शकते. स्टिरॉइड आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये, आणि त्याच्यासोबत दुखण्यावरची गोळी कधीच देऊ नये, पोटात व्रण होतात. मोत्याला ऑक्लासिटिनिब चालू आहे. २०१३ पासून वापरात असलेले हे औषध खाजेचा संदेश वाहणारी रसायने अडवते. त्याने तहान व लघवी वाढत नाही, मात्र किंमत अधिक आहे आणि गंभीर संसर्ग असताना ते देत नाहीत. दर सहा महिन्यांनी आम्ही रक्त तपासतो.

माणसांच्या कातडीबद्दलही दोन शब्द. लुतीचे किडे कुत्र्यावरून माणसावर येतात, हातांवर व पोटावर बारीक पुरळ उठतो. पण ते माणसावर पिढ्या वाढवू शकत नाहीत, कुत्रा बरा झाला की आपली खाजही ओसरते. गजकर्ण मात्र दोघांना स्वतंत्रपणे उपचार मागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कातडी रोज पाहावी. परंतु वृद्धांची बहुतेक खाज ही निव्वळ कोरडेपणाची असते, आणि तिचा दोष कुत्र्यावर येतो. पत्नीच्या पिंढऱ्यांवरील खाज साधे खोबरेल लावून थांबली. मोत्या निर्दोष ठरला.

मुलगा दिवाळीला आला, गाडीत पट्टा आणि जाळीची पेटी घेऊन. चार वाजता त्याने आईला डबा उघडताना पाहिले. पेटी अजून पुण्यात परत गेलेली नाही, आमच्या माडीवर पडून आहे. तीत मी जुनी वर्तमानपत्रे ठेवतो.

पुढच्या महिन्यात माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे. त्या काही दिवसांसाठी मी फ्रिजवर एक कागद लावला आहे: कोणते खाद्य, किती गोळी, कोणत्या वेळी, कोंबडी नाही, आकडा सहाच्या वर गेला तर कोणाला फोन. अक्षरे मुद्दाम मोठी काढली आहेत, कारण मावशींनाही आता चष्मा लागला आहे. आपल्या घरी औषध चालू असलेला प्राणी असेल, तर असा कागद आजच लिहावा. शेवटच्या ओळीत मी लिहिले आहे की दुपारी चारचा डबा पत्नीच्या उजव्या बाजूला ठेवायचा, डाव्या नव्हे.