उलटी करून पाहणे

मोठेबाबा अंक हातात द्यायचे ते एकाच अटीवर. "हात धुतले काय वं?" एवढं विचारायचे आणि माझे ओले हात स्वतःच्या धोतराला पुसायचे. 'मार्ग'च्या गुळगुळीत पानावर तेलकट बोट उमटलं की ते जात नाही, हे मला सहाव्या वर्षी कळलं होतं. 'मार्ग' काय चीज आहे, ते पुष्कळ उशिरा.

ते अचलपुरात शाळेत ड्रॉईंग शिकवत. डी.टी.सी. झालेले, पगार बेताचा. मुल्कराज आनंदांनी 1946 साली मुंबईत हे कलेचं त्रैमासिक काढलं, तेव्हा टाटांच्या सात जाहिराती आणि दोन खोल्या एवढंच भांडवल होतं म्हणे. खोल्या आमच्याकडेही दोनच होत्या. मूर्तिजापूरहून शकुंतला ही आगगाडी आली की मोठेबाबा डाकेची वाट पाहू लागत. 1913 पासूनच्या त्या 76 किलोमीटरच्या नॅरोगेजवरून वऱ्हाडचा कापूस बाहेर जायचा. आमच्या घरी मात्र गाडीचा विषय निघायचा तो अंकासाठी.

पुण्याच्या दिनकर केळकरांविषयी त्यांना फार आदर होता. दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे असं जमवत जाऊन त्या माणसानं अख्खं संग्रहालय उभं केलं. पण ड्रॉईंग मास्तरानं दरवाजा आणून ठेवायचा कुठं? मोठेबाबांनी वस्तूंऐवजी वस्तूंची चित्रं छापणारे अंक जमवले. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत ते मावायचे.

इंग्रजी त्यांना जेमतेम वाचता यायचं. म्हणून चित्राखालच्या नावाशेजारी ते शिसपेन्सिलीनं आपल्याकडचं नाव लिहीत. कुठल्या तरी राजवाड्यातल्या झोपाळ्याला 'बंगई'. नक्षीदार तांब्याला 'गडवा'. पसरट पितळी थाळ्याला 'कोपर, आईची याहून मोठी'. हे मी नंतर जमवलेल्या कुठल्याही अंकात मला मिळालेलं नाही. कोरा करकरीत अंक हाती आला की समासाकडे माझी नजर आधी जाते.

पेटीत एक सुटं पान होतं, मुंबईच्या फुटपाथवरून आणलेलं. लंडनहून 1884 पासून निघू लागलेल्या 'जर्नल ऑफ इंडियन आर्ट'चं. मुंबईच्या जे. जे.त शिकवून पुढे लाहोरला गेलेले लॉकवुड किपलिंग त्याचे संपादक, आणि रंगीत छपाई विल्यम ग्रिग्ज यांची. तेव्हा रंगागणिक वेगळा दगड लागे. मोठेबाबा भिंग धरून दाखवायचे, लाल रंग निळ्यावरून केसभर सरकलेला. "इथं माणसाचा हात हलला," म्हणायचे. त्या केसभर जागेसाठी ते पान त्यांनी आयुष्यभर जपलं.

एका रविवारी त्यांनी मला हौज कटोऱ्यावर, तलावातल्या जुन्या मनोऱ्याकडे नेलं. तिथं गुरं पाणी प्यायला येतात एवढंच मला ठाऊक होतं. त्यांनी अंक उघडून कुठल्याशा कमानीचं चित्र समोर धरलं आणि म्हणाले, "आता वर पाह्य." मनोऱ्याचे आठ कोन मी बोटांनी मोजले. गावातली वस्तू चित्राइतकी नीट पाहायची असते, हे मला तिथं उमगलं.

ते गेले त्या पावसाळ्यात पेटीला खालून वाळवी लागली. तळातले अंक हातात घेतले की मातीसारखे गळायचे. त्या दिवशी मी खूप रडले. त्यानंतर मी जमवायला लागले. मुंबईला फाउंटनचा फुटपाथ, नागपूरला सीताबर्डीवरची जुन्या पुस्तकांची दुकानं, परतवाड्याचा रद्दीवाला. तो रद्दीवाला हे अंक स्वतःहून बाजूला काढून ठेवतो. "ताई, याचा कागद लई गुळगुळीत हाय, पुड्या बांधाले बी जमत नाही." या गुळगुळीतपणामुळे किती अंक वाचले असतील!

मोठेबाबांच्या अंकांपैकी गालिच्यांवरचा 1965 चा अंक धडधाकट राहिला, कारण तो वरच्या थरात सतरंजीत गुंडाळलेला होता. सतरंजी अकोटची, मोठेबाबांच्या बायकोच्या, मोठाईच्या लग्नातली, लाल-निळ्या पट्ट्यांची. एका गालिच्याच्या किनारीशेजारी त्यांच्या अक्षरात ओळ आहे: 'आपली सतरंजी उलटी करून पाहणे.'

गालिचा पारखणारे तो उलटा करतात, मागच्या गाठी मोजतात. सतरंजीला गाठी नसतात, दोन्ही अंगं सारखीच. तेव्हा उलटून काय पाहायचं, हे मला कितीतरी वर्षं कळलं नाही. मागच्या दिवाळीत अंकांना ऊन दाखवायला अंगणात सगळं पसरलं आणि सतरंजी सहज पालथी घातली. कोपऱ्यात मोठाईनं जुन्या लुगड्याचं ठिगळ लावलेलं होतं. त्याचा एक टाका निघाला होता. ठिगळ बोटानं उचललं, तर खाली बाकीच्या पट्ट्यांसारखा विटका गुलाबी नाही, गडद लाल रंग होता, लग्नातला.

सुई आणली आणि तो टाका परत घातला.