डोळ्याची काच



माझे माहेर इंदूरचे आणि बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झालेली. लग्न होऊन हैदराबादला आले, तेव्हा ‘पारपटल’ हा शब्द मला ठाऊक नव्हता. आम्ही त्याला ‘स्वच्छमंडल’ म्हणत असू. डोळ्याच्या पुढचा हा पडदा आरपार दिसतो एवढे दोन्ही शब्द सांगतात. तो तसा का आहे, हे आमच्या पुस्तकात कुठेच नव्हते. जीवशास्त्राचे सर म्हणत, हा भौतिकीचा प्रश्न. आणि भौतिकीचे सर म्हणत, डॉक्टरांना विचारा!

गेल्या वर्षी दहावीच्या एका मुलीने नेमके तेच विचारले. “बाई, डोळ्याचा पांढरा भाग आणि समोरचा पारदर्शक भाग, दोन्ही शरीराचेच ना? मग एकातून दिसते आणि दुसऱ्यातून का नाही?”

गंमत अशी की दोन्ही भाग मुख्यतः एकाच पदार्थाचे आहेत. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे ते धागे. हेच प्रथिन आपल्या कातडीत आणि हाडांतही असते. त्याची रचना मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५४ साली मांडली: तीन साखळ्या एकमेकींत गुंफलेल्या. मुलींनो, तुमची तिपेडी वेणीच समजा. रामचंद्रन हे सर सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी होते.

पदार्थ एकच, मग फरक कशात? मांडणीत. पारपटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. पण त्यात दोनशेहून अधिक थर असतात. प्रत्येक थरात धागे समांतर, सारख्या जाडीचे आणि जवळजवळ सारख्या अंतरावर. धाग्याची जाडी सुमारे ३० नॅनोमीटर, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. प्रत्येक धागा थोडा प्रकाश विखुरतोच. पण धाग्यांच्या या शिस्तीमुळे बाजूंना जाणाऱ्या लहरी एकमेकींना नाहीशा करतात आणि पुढे जाणारा प्रकाश तेवढा उरतो. हे स्पष्टीकरण डेव्हिड मॉरिस यांनी लंडनमध्ये १९५७ साली दिले. मांडणी स्फटिकाइतकी काटेकोर नसली तरी चालते, असे पुढच्या संशोधकांनी दाखवले. पांढऱ्या भागात मात्र धागे कुठे जाड, कुठे बारीक आणि कसेही पडलेले. तिथे विखुरलेला प्रकाश नाहीसा होत नाही, म्हणून तो भाग पांढरा दिसतो. वर्गात मी खडीसाखरेचा खडा आणि पिठीसाखर शेजारी ठेवून दाखवली. दाखला तंतोतंत नाही, पण मुलांना पटला. उरलेली खडीसाखर मधल्या सुटीपर्यंत टिकली नाही, हे वेगळे सांगायला नको.

ही शिस्त फार नाजूक असते. पारपटलात पाणी जास्त झाले की धाग्यांमधली अंतरे बिघडतात आणि धूसर दिसू लागते. ते पाणी सतत बाहेर टाकण्याचे काम आतल्या बाजूच्या पेशींचा एकेरी थर करतो, आणि मोठ्या माणसात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. जखम खोल झाली तर शरीर ती भरून काढते, पण नवे धागे जुन्या शिस्तीत बसत नाहीत. आपले आजी-आजोबा ज्याला ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणत, ते हेच.

पालकांना इथे एक सांगायचे आहे. आपल्या शहरात पानाचा शौक घरोघरी. पण चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलांच्या हाती लागू देऊ नका. दाबताना फुटून चुना डोळ्यात उडाला, तर तो थेट पारपटलात उतरतो. तसे झालेच तर तूप, गुलाबपाणी काही नको; ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

फूल पडलेल्या डोळ्याला पुष्कळदा दुसऱ्याचे पारपटलच लागते. बंजारा हिल्सवरची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था १९८७ पासून आणि तिची नेत्रपेढी १९८९ पासून हे काम करीत आहे. २०२२ साली ही संस्था, आपल्या शहरातली सीसीएमबी आणि आयआयटी हैदराबाद यांनी मिळून मानवी पारपटलाच्या ऊतीपासून त्रिमितीय छपाईने पारपटल तयार केले व सशाच्या डोळ्यात बसवून पाहिले. भौतिकी आणि जीवशास्त्र तिथे एका टेबलाशी बसले, याचा मला फार आनंद झाला. तरी माणसांसाठी आजही नेत्रदानाचाच मोठा आधार आहे.

आमच्या घरी सासऱ्यांनी इच्छा बोलून ठेवली होती. ते गेले तेव्हा आत्याबाईंनी विरोध केला. चेहरा विद्रूप होईल, शिवाय अण्णांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, असले डोळे कोण घेणार? नेत्रपेढीची माणसे आली, त्यांनी शांतपणे समजावले. मोतीबिंदू आतल्या भिंगात होतो, पारपटल त्याच्या पुढे असते; चष्म्यानेही काही अडत नाही. थोड्याच वेळात त्यांचे काम आटोपले. नंतर आत्याबाईंनी स्वतः जवळ जाऊन अण्णांचा चेहरा पाहिला. पुढच्या महिन्यात त्यांनी माझ्याकडे फॉर्म मागितला.

मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते. फॉर्म भरलेला नसला तरी घरच्यांची संमती पुरते, म्हणून ही गोष्ट घरात आधी बोलून ठेवावी. फॉर्म शाळेच्या कार्यालयात ठेवले आहेत. दुपारी चारपर्यंत मिळतील.