नेसरीची खिंड, सामानगड आणि सरकारी जागेचा भाडेपट्टा

मौजे नेसरी, तालुका गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर. चार बुके शिकलेल्या कुणालाही हे नाव ऐकले की सात घोडेस्वार आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा साथीदारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. उमराणीला शरण आलेल्या खानाला त्यांनी सोडून दिले म्हणून शिवाजी महाराजांनी कडक शब्दांत कानउघाडणी केली होती. ती जिव्हारी लागली. पुढे कुसुमाग्रजांनी कविता लिहिली आणि नेसरीचे नाव घरोघर गेले.

आमच्या वस्तीतली पाच-सहा कुटुंबे मुलाबाळांसह एका रविवारी ही जागा पाहायला निघाली. कोल्हापूर, कागल, निपाणी, संकेश्वर करीत एस. टी. गडहिंग्लजला येते. गंमत अशी की गाडी महाराष्ट्राची, प्रवासी महाराष्ट्राचे आणि मधला रस्ता कर्नाटकाचा! निपाणी आली तेव्हा मुलांना सांगितले, की १९२५ साली याच गावात बाबासाहेबांनी बहिष्कृतांच्या परिषदेत भाषण केले होते. मुलांनी खिडकीतून वाकून पाहिले, पण दिसली ती फक्त तंबाखूच्या धंद्यावर वाढलेली बाजारपेठ. गडहिंग्लजला उतरल्यावर लाल मिरचीचा ठसका नाकात गेला. इथल्या बाजारात संकेश्वरी मिरची येते. बायकांनी परतीच्या वेळी घ्यायचे ठरवून भाव विचारून ठेवले. तिथून नेसरीची गाडी.

प्रतापरावांच्या स्मारकापाशी भाकरी, झुणका आणि खर्डा सोडून बसलो. आजूबाजूला शेते, मध्ये जपून ठेवलेली जागा. माझी धाकटी मुलगी आठवीत आहे. तिने घास तोंडात असतानाच विचारले, "बाबा, ही जागा कुणाची?" मी म्हणालो, "सगळ्यांची." त्यावर ती म्हणते, "सगळ्यांची म्हणजे कुणाच्या नावावर?" कारकुनाची मुलगी, दुसरे काय विचारणार!

पण प्रश्न खरा आहे. आपण स्मारक, बाग, किल्ला, गायरान, समाजमंदिर हे सगळे "सार्वजनिक" म्हणतो आणि मोकळे होतो. कागदावर मात्र प्रत्येक जागेला मालक असतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चे २० वे कलम सांगते, की जी जमीन कुणा व्यक्तीच्या मालकीची नाही ती सरकारची. ३८ वे कलम जिल्हाधिकाऱ्याला अधिकार देते, की रिकामी सरकारी जमीन तो ठराविक मुदतीसाठी, ठराविक कामासाठी आणि अटी घालून भाडेपट्ट्याने देऊ शकतो. मुदत, काम आणि अटी हे तीन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. भाडेपट्टा म्हणजे विक्री नव्हे. मालक सरकारच राहते, वापर दुसऱ्याचा होतो.

जेवण उरकून सामानगडाकडे वळलो. हा किल्ला याच परिसरात, गडहिंग्लज तालुक्यातच आहे. जांभ्या दगडात खोदलेल्या विहिरी, पायऱ्या, कमानी पाहून मुले हरखली. उन्हातून विहिरीच्या पायऱ्यांवर उतरले की अंगाला गारवा लागतो. "इतक्या खाली पाणी आणायला कोण जात असेल?" असे आमच्यातल्या एका बाईने विचारले आणि कुणी उत्तर दिले नाही. किल्ल्यांच्या घेऱ्यात पहाऱ्याला महार, बेरड, रामोशी ही मंडळी असत. तट बांधताना आणि तट राखताना घाम त्यांचाही गळला. गाइडची पुस्तके त्यांच्यावर एक ओळ खर्च करीत नाहीत, ही गोष्ट निराळी.

या गडाची दुसरी कहाणी मला नेसरीइतकीच मोठी वाटते. १८४४ साली सामानगडावर गडकऱ्यांनी बंड केले. गडकरी म्हणजे किल्ला राखणारे, आणि त्या चाकरीबद्दल त्यांना जमिनी होत्या. कोल्हापूर संस्थानात इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले. त्यांनी गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार किल्लेदाराकडून काढून मामलेदाराकडे दिला. आज ना उद्या चाकरी जाणार आणि चाकरीबरोबर जमीनही जाणार, हे गडकऱ्यांनी ओळखले. त्यांनी दरवाजे बंद करून घेतले. ऑक्टोबर १८४४ मध्ये इंग्रज फौजेने गड घेतला. लोक याला स्वातंत्र्याचे बंड म्हणतात आणि ते होतेच. पण त्याचे मूळ एका कार्यालयीन आदेशात आहे. दप्तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले आणि शेकडो घरांच्या भाकरीखालचा तवा निघाला.

आता १७५ वर्षे पुढे या. सप्टेंबर २०१९ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली, की राज्यातील सुमारे २५ किल्ले पर्यटन महामंडळामार्फत दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खाजगी हॉटेलवाल्यांना द्यायचे धोरण सरकारने आखले आहे. तिथे हॉटेले निघतील, लग्नसमारंभ होतील. महाराष्ट्रभर गदारोळ उठला. मग खुलासा आला, की शिवाजी महाराजांशी संबंधित असलेल्या पहिल्या वर्गातील किल्ल्यांना हात लावणार नाही, विचार आहे तो दुसऱ्या वर्गातील किल्ल्यांचा. लोक शांत झाले. मी मात्र झालो नाही. किल्ल्यांनाही पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग? कोणता गड कोणत्या वर्गात हे ठरवणारा कागद चावडीवर लागतो काय? महाराजांचे पाऊल जिथे लागले नसेल, पण राबणाऱ्यांचे रक्त जिथे सांडले, तो गड कुठल्या वर्गात?

पडक्या वास्तूची डागडुजी व्हावी, पर्यटक यावेत, गावच्या पोरांना काम मिळावे, याला माझा विरोध नाही. पण भाडेपट्टा होताना गावाला विचारले पाहिजे. फाटकावर तिकीट लागले की पहिला अडतो तो आपला माणूस. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव झाला तरी महाडच्या तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांना जावे लागले, आणि हायकोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. सार्वजनिक हा शब्द आपल्या लोकांनी चौदा वर्षे झगडून खरा केला आहे. तो एका करारनाम्याने खोटा होऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

अटी कागदावर चांगल्याच असतात. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात ९२ व्या कलमाने बंधन घातले, की नगरपरिषदेने आपली जागा स्वतःच्या अधिकारात तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देऊ नये, नूतनीकरण धरून एकूण नऊ वर्षे ओलांडू नयेत आणि भाडेकरूने पक्के बांधकाम करू नये. त्यापुढे जायचे तर सरकारची मंजुरी. जंगलाचे नियम आणखी कडक. दाजीपूर-राधानगरीसारख्या जंगलातली जमीन खाजगी माणसाला भाडेपट्ट्याने द्यायची तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याप्रमाणे राज्याला दिल्लीला विचारावे लागते.

मुदत संपल्यावर काय होते, ते मुंबईत पाहा. महालक्ष्मीचे रेसकोर्स सुमारे २११ एकरांचे. सरकारची आणि महापालिकेची जमीन, वापर रेस क्लबचा. भाडेपट्टा ३१ मे २०१३ ला संपला. घोडे मात्र धावतच राहिले! दहा वर्षांवर काळ गेला. मग २०२४ साली सरकारने निर्णय केला, की १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर पुन्हा ३० वर्षांसाठी क्लबकडे. या दहा वर्षांत तिथे कुणी बुलडोझर नेला नाही.

आणि गायरानावर? ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने गायरानांवरील अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत काढायला सांगितली. राज्यात गायराने सुमारे साडेचार लाख हेक्टर, त्यातले अतिक्रमण सुमारे दहा हजार हेक्टर, बांधकामे दोन लाख वीस हजारांवर, असा हिशेब कोर्टापुढे आला. गावोगाव नोटिसा निघाल्या. कोल्हापूर जिल्ह्यात मोर्चे निघाले. घोड्यांना दहा वर्षे आणि माणसांना तीन महिने, हा हिशेब मी बी. कॉम.ला शिकलो नव्हतो.

गडावरून उतरताना एका वाडीत आम्ही पाणी प्यायला थांबलो. गावाचे नाव लिहीत नाही. तिथल्या एका आजींनी नुसते पाणी दिले नाही, गूळही दिला. जयभीम झाला. सरकारी जमिनीचे बोलणे निघाले तशा त्या म्हणाल्या, "लेकरा, खंडानं दिल्याली जमीन कवा माघारी येती व्हय? आमच्या सासऱ्यानं वतनाचं रान एका मोठ्या घरला खंडानं दिलं. त्यो मेला, ह्ये मेले, रान तिकडंच."

वतनाचे रान म्हणजे महार वतन. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने खालसा झाली आणि जमिनी वतनदारांना फेरदेणगीने मिळायच्या होत्या. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून त्या कुणाला देता येत नव्हत्या. अट आपल्या रक्षणाची होती. ज्यांनी ती वाचली त्यांनी पळवाट काढली आणि ज्यांच्यासाठी होती त्यांना ती कुणी वाचून दाखवली नाही.

आजींचे आजचे घर आणि घरामागचा अर्धा एकर तुकडा गायरानात. २०२२ ची नोटीस त्यांनी पिशवीत जपून ठेवली होती. मी विचारले, "आजी, कधी दंड भरलाय का?" त्यांनी पत्र्याची ट्रंक उघडली. लुगड्यांच्या तळाशी, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली दंडाची पावती. शाई उडालेली, पण साल वाचता येत होते : १९८६.

वाचक हो, या पावतीची किंमत सोन्यापेक्षा जास्त आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली सरकारी जमिनीवरची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. शेवटची तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, आणि ते वर्ष जन्मशताब्दीचे. सुप्रीम कोर्टाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितले. पण त्याच निकालात अपवादही लिहून ठेवला आहे. सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना भाडेपट्टा दिलेला असेल, किंवा जागेवर शाळा, दवाखाना अशी सोय असेल, तर नियमित करता येईल. निकालाचा पहिला भाग नोटिशीत छापून येतो. दुसरा आपण शोधायचा.

अंगणातच बसलो. तलाठी कार्यालयात गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणांची नोंदवही असते. कुणी, कोणत्या गटात, कधीपासून, हे तिथे लिहिलेले असते. आजींच्या नातवाला बोलावले. बारावी झालेला मुलगा, अक्षर सुरेख. त्याच्याकडून माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घेतला : १९७८ ते १९९० पर्यंतच्या एक-ई नोंदवहीची साक्षांकित नक्कल मिळावी. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला तीस दिवस. दारिद्र्यरेषेखालचे कार्ड असेल तर फी माफ. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायचीच, शिक्का आणि तारखेसह. त्याच अर्जात, माझ्या मुलीच्या सांगण्यावरून, दुसरा मुद्दा घातला : गावातील कोणकोणती सरकारी जागा व इमारत आज भाडेपट्ट्याने दिली आहे, कुणाला, किती वर्षांसाठी, किती भाड्याने, आणि मुदत कधी संपते.

नातवाने विचारले, "साहेब, हे दुसरं कशाला? त्यांना राग येईल." आजीच म्हणाल्या, "लिव्ह. गावाचं हाय, गावानं इचारायला काय झालं?"

ट्रंकेतली मूळ पावती कुणाच्याही हाती द्यायची नाही, झेरॉक्सच द्यायची, हे मी त्यांना दोनदा बजावले. नेसरीहून गडहिंग्लजची गाडी सुटायला पाऊण तास होता. मुले अंगणात खेळत होती. बायकांची मिरची मात्र राहून गेली, बाजार तोवर उठला होता.