पाच दिवसांचा बाजार

ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, पूर्वेस शान पठार पसरलेले आहे. डोंगररांगा, त्यांमधील अरुंद खोरी आणि सुमारे नऊशे मीटर उंचीवरील इनले सरोवर असे या भूमीचे रूप आहे. येथील शान लोक स्वतःला ‘ताई’ म्हणवितात. थायलंडचे थाई, लाओसचे लाओ, चीनच्या युनान प्रांतातील दाई आणि १२२८ मध्ये सुकाफाबरोबर आसामात उतरलेले आहोम हे सारे त्यांचे आप्त होत.

या प्रदेशात उंचीप्रमाणे वस्ती बदलत जाते. खोऱ्यात भातशेती करणारे शान राहतात. सरोवरात खांबांवर घरे बांधून तरंगत्या वाफ्यांत टोमॅटो पिकविणारे इन्था आहेत. उतारावर पा-ओ आणि डोंगरमाथ्याकडे चहाचे मळे राखणारे पलौंग यांची गावे आहेत. इन्था बर्मीची एक बोली बोलतात, पा-ओंची भाषा कारेन गटातील, तर पलौंगांची मेघालयातील खासीशी दूरचे नाते सांगणारी आहे. मात्र कोणत्याही एका उंचीवर संसाराला लागणारे सर्व काही पिकत नाही. चहावाल्याला तांदूळ हवा असतो आणि तांदूळवाल्याला चहा. ही गरज भागविण्याचे काम येथील फिरता बाजार करतो.

आपला आठवडी बाजार वारावर ठरलेला असतो, तर हा पाच दिवसांच्या फेऱ्याने चालतो. आज एका गावी भरलेला बाजार पुढील दिवसांत शेजारच्या गावांतून फिरतो आणि पाचव्या दिवशी मूळ जागी परततो. हेहो, न्यौंगश्वे, इनदेइन, नामपान ही त्याची काही ठाणी आहेत.

निवृत्तीनंतर, २०१८ च्या डिसेंबरात, मी इनदेइनचा बाजार पाहिला. काळसर वेष आणि डोक्याला भडक रंगाचे फेटे अशा पा-ओ स्त्रिया चिरूट वळण्याच्या पानांचे गठ्ठे घेऊन बसल्या होत्या. शेजारी मुरविलेल्या चहापत्तीचे ढीग होते, कारण येथे चहा पितात तसा खातातही. सुमारे १.६ किलोच्या ‘विस’ या मापाने व्यवहार चालला होता. एका तागडीत तर वजन म्हणून बॅटरीचे जुने सेल ठेवलेले दिसले. शाकाहारी प्रवाशाला दिलासा देणारा पदार्थ म्हणजे शान टोफू. तो सोयाबीनचा नसून चण्याच्या पिठाचा, हळद घालून शिजवून थापलेला असतो. आपल्या पाटवडीची आठवण यावी असाच तो लागतो.

एका पलौंग बाईने तेल घेतले आणि पैसे न देताच ती निघाली. दुकानदाराने काहीही टिपून ठेवले नाही. ‘पुढच्या बाजारी देईल,’ असे वाटाड्याने सांगितले. तारण, जामीनदार आणि सह्या यांतच माझी नोकरी गेली. येथे तारण एवढेच होते, की पाचव्या दिवशी दोघांनाही याच पालावर यायचे होते.

याच पठारावरील पांगलाँग येथे १२ फेब्रुवारी १९४७ रोजी आँग सान यांनी शान, काचिन आणि चिन नेत्यांबरोबर करार केला. डोंगरी प्रदेशाला अंतर्गत कारभारात स्वायत्तता देण्याचे त्यात तत्त्वतः मान्य झाले. पा-ओ आणि पलौंग यांच्या स्वतंत्र सह्या त्यावर नव्हत्या. न्यौंगश्वेचे संस्थानिक साओ श्वे थैक १९४८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९६२ च्या लष्करी उठावानंतर त्यांना अटक झाली आणि त्याच वर्षी तुरुंगात त्यांचा अंत झाला. दिलेला शब्द मोडला, आणि बंदुका आजही थंडावलेल्या नाहीत.

२०२१ च्या लष्करी सत्तापालटानंतर शान प्रांतात पुन्हा युद्ध भडकले. मार्च २०२५ च्या भूकंपात इनलेवरील खांबांच्या घरांची मोठी पडझड झाली. अशा वेळी एक रस्ता जरी बंद पडला, तरी वरचा चहा खाली उतरत नाही आणि खालचा तांदूळ वर चढत नाही. पुढच्या बाजारावर सोडलेली उधारीही तशीच राहते.