वारं गेलं

अण्णांच्या अंगावरून वारं गेलं ते १९८४ साली, दिवाळी होऊन गेल्यावर. मोरीत चूळ भरताना पाणी ओठाच्या कडेने गळायला लागलं आणि ते तिथेच खाली बसले. किती वाजले होते, हे आमच्या घरात आजही कोणाला सांगता येत नाही. घड्याळ होतं भिंतीवर. पण वारंच ते. त्याची वेळ कोण बघणार? दुपारी तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजून गोळ्या दिल्या. मग तेल, शेक, मालिशवाला. कोणीतरी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, आईने तेही केलं. तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. अण्णा पुढे नऊ वर्षं जगले. उजवी बाजू गेली आणि बोलण्यातला एकच शब्द उरला, ‘बरं’. भूक लागली तरी बरं, रागावले तरी बरं, धाकटीच्या लग्नात रडतानाही बरंच.

२०१९च्या पावसाळ्यात सकाळी ह्यांच्या हातून चहाचा कप निसटला. “अहो, काय हे!” म्हटलं, तर उत्तराचे शब्द एकात एक गुंतलेले. सूनबाई धावत आली. “बाबा, दोन्ही हात वर करा बघू.” उजवा खाली आला. तिने लगेच घड्याळ पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं. खरं सांगते, मला तिचा रागच आला. माणूस कोसळतोय आणि ही वेळ बघतेय!

इस्पितळात पहिला प्रश्न तोच : “शेवटचे ठीक कधी होते?” लक्षात कधी आलं, हे नाही. झोपेत झालं असतं तर रात्री झोपल्यापासूनची वेळ मोजली असती. मग सिटी स्कॅन. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, तर गुठळी विरघळवणारं औषध जिवावर उठतं, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पुढचा प्रश्न वजनाचा, कारण औषधाचं प्रमाण किलोवर ठरतं. एरवी हे पाच किलो कमी सांगतात. त्या दिवशी सुनेने खरं सांगितलं. साडेचार तासांची मुदत होती, ह्यांना इंजेक्शन पावणेदोन तासांत मिळालं. मोठी धमनी तुंबली असती, तर जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढली असती, असं डॉक्टर म्हणाले.

ते औषध पक्षाघातावर चालतं, हे अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं १९९५ साली. अण्णांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना मात्र दुसऱ्या दिवशी आणलं होतं. हात जड वाटतोय म्हणाले, म्हणून घरच्यांनी त्यांना झोपू दिलं होतं.

ह्यांची बोटं अजून शर्टाच्या बटणांशी झगडतात. घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला मी विचारलं, “वरण वाढू?”

“बरं.”

पळी माझ्या हातात तशीच राहिली. “अजून काहीतरी बोला,” मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. “तूप कुठाय?”